डासांना आवतण



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते डॉक्टर याच गावात प्रॅक्टिस करायचे. पावसाळा सरता सरता त्यांच्या दवाखान्यापुढे थंडी-तापाच्या रुग्णांची रांग लागायची, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्यामुळे मी डासांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांना नवल वाटलं नाही. पण डासांना हाकलायचं कसं ते न सांगता बोलवायचं कसं ते सांगणार आहे, असं म्हटल्यावर त्यांनी ‘म्हणजे?’ असं दोनदा विचारलं. त्या ‘म्हणजे?’चं उत्तर आज द्यायचं आहे.

हाकलण्यात आपण पटाईत आहोत. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी, गोठ्यात पेटवलेली शेणी, धूप, मग कासवछाप, मग भिंतीत खोचायची बाटली, हातापायांना चोळायचं मलम. यातल्या बऱ्याच उपायांनी डास मरत नाही. तो तुम्हाला सोडून शेजाऱ्याकडे जातो. तुमची रात्र बरी जाते, गावाचा ताप आहे तिथेच राहतो. शिवाय हाकलायला एकच गोष्ट कळली तरी पुरते, ती म्हणजे डासाला काय नकोसं वाटतं. बोलवायचं असेल तर त्याला काय हवं, केव्हा हवं, किती अंतरावरून ते कळतं, आणि तेच तुमच्याखेरीज आणखी कोण देऊ करतंय, हे सगळं ठाऊक असावं लागतं. माझ्या मते डासाविषयी खरं ज्ञान वाढलं ते या दुसऱ्या उद्योगातून.

या उद्योगातलं आपल्या देशातलं सगळ्यात प्रसिद्ध आमिष म्हणजे एक माणूस. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले आणि चावलेल्या दर डासामागे एक आणा दिला. त्या डासांतल्या एकाच्या पोटात २० ऑगस्टला रॉस यांना हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. रॉस यांना १९०२मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानला दहा आणे मिळाले होते.

पुढेही किती तरी वर्षं डास मोजायची खात्रीची पद्धत हीच राहिली. माणसाने विजार गुडघ्यापर्यंत दुमडून रात्रभर बसायचं आणि पायावर उतरलेला डास चावण्याआधी नळीने ओढून घ्यायचा. आपल्या आरोग्य खात्यात कीटक समाहारक नावाचं पद आहे. बॅटरी आणि चोषण नळी घेऊन पहाटे गोठ्यांत, घरांच्या कोपऱ्यांत डास गोळा करत फिरणारा हा माणूस. त्याच्यावर कथा-कादंबरी लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. आता डेंगीसारख्या रोगाच्या साथीत कोणाला असं पाय उघडे टाकून बसवणं बरोबर नाही, हे सगळेच मानतात. तेव्हा माणूस न बसवता माणसाचा भास निर्माण करायचा, असं काम शास्त्रज्ञांपुढे आलं.

भास निर्माण करायचा तर आधी मादीची गरज समजून घ्यावी लागते. नर चावत नाही, तो फुलांच्या आणि फळांच्या रसावर जगतो. मादीलाही उडण्यासाठी ती साखर लागते. रक्त तिला अंडी घडवण्यासाठी लागतं. रक्त पचलं की दोन-तीन दिवसांत तिला अंडी घालायला जागा हवी असते. म्हणजे साखर, रक्त आणि पाणी अशा तीन ओढी झाल्या, आणि प्रत्येकीच्या वेळी मादी वेगळ्या वासामागे जाते. रक्ताच्या शोधात निघालेल्या मादीला पाण्याचं आमिष दाखवून उपयोग नाही, आणि पोट भरलेलीला माणसाचा वास देऊनही नाही.

रक्ताच्या वाटेने आधी जाऊ. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. या वायूने डास येतात हे विलेम रुडॉल्फ्स यांनी न्यू जर्सीत १९२२मध्येच दाखवलं होतं. डासाच्या सोंडेशेजारी दोन छोटे अवयव असतात, त्यांना हा वायू दहापासून पन्नास मीटरपर्यंत कळतो. तो कळला की मादी जागी होते आणि तेव्हापासून तिचे डोळे कामाला लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठात २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की हा वायू हुंगल्यावर डेंगी पसरवणारी एडीस इजिप्ती लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी रंगाकडे झेपावते, हिरव्या-पांढऱ्याकडे दुर्लक्ष करते. माणसाच्या कातडीचा रंग कुठलाही असो, तिच्यावरून डासाकडे जाणाऱ्या प्रकाशात लाल-नारिंगी भाग मोठा असतो. आणखी जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक आम्ल, अमोनिया आणि कातडीवरची मेदाम्लं यांचा वास. अगदी शेवटी ऊब आणि दमटपणा. एडीसला शरीराची अवरक्त उष्णता सुमारे ७० सेंटिमीटरवरून जाणवते, हे २०२४मध्ये समजलं. यातला कोणताही एक धागा एकटा फारसं काम करत नाही. लॅक्टिक आम्ल १९६८मध्ये माणसाच्या हातांवरून वेगळं काढलं गेलं, पण नुसत्या त्या आम्लाकडे डास जेमतेम वळतो. जोडीला कार्बन डायऑक्साइड असला की झेप घेतो.

या यादीत दिवा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हॉटेलांत आणि मिठाईच्या दुकानांत टांगलेला तो निळा, चटचट वाजणारा दिवा मला नेहमी गमतीचा वाटतो. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशा दिव्यांत मेलेले कीटक कोणी तरी चिकाटीने मोजले. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेली ती मोजणी अशी: एकूण १३,७८९ कीटक, त्यांत चावणारे ३१. बाकीचे पतंग, भुंगेरे आणि पाण्यातले निरुपद्रवी जीव. पैकी कित्येक तर डासांचे किंवा पिकावरच्या किडींचे शत्रूच. मोबाइलमधून बारीक आवाज काढून डास पळवणाऱ्या ॲपबद्दल मी काही बोलत नाही. ते फुकट असतं, एवढंच त्याचं चांगलं.

आता ‘तुझं रक्त गोड आहे म्हणून तुलाच चावतात’ या घरोघरच्या निदानाकडे. चावण्यातला फरक खरा आहे, कारण मात्र रक्तात नाही, कातडीवर आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली व्होशॉल यांच्या प्रयोगशाळेने लोकांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला लावले आणि ते मोजे जोडीजोडीने डासांपुढे ठेवले. सगळ्यात लाडकी व्यक्ती आणि सगळ्यात दुर्लक्षित व्यक्ती यांच्यात शंभरपटीच्या आसपास फरक निघाला, आणि वर्षं गेली तरी तो टिकून राहिला. लाडक्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त होती. यातला मोठा वाटा कातडीवरच्या जिवाणूंचा आहे, म्हणजे तुम्ही काय खाता यापेक्षा तुमच्या अंगावर कोण खातंय याला महत्त्व जास्त. गांबियात गरोदर स्त्रियांकडे दुप्पट डास आले, असं २०००मध्ये दिसलं. बुर्किना फासोत तिथली गावठी बिअर प्यायलेल्या पुरुषांकडे ते जास्त ओढले गेले. सभागृहात काही जण शेजाऱ्याकडे बघताहेत, ते मला इथून दिसतंय.

आमिष लावण्यात रोगाचे जंतू आपल्याही फार पुढे आहेत. केनियात २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबूत झोपलेल्या मुलांपैकी ज्यांच्या रक्तात हिवतापाच्या परजीवीची डासात जाण्याजोगी अवस्था होती, त्यांच्याकडे इतरांच्या दुप्पट डास आले. औषध देऊन परजीवी काढल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे डासात जायची वेळ आली की परजीवी स्वतःच त्याला बोलावणं धाडतो. हे कसं होतं, याचा एक धागा स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७मध्ये उलगडला. परजीवी एचएमबीपीपी नावाचं द्रव्य सोडतो, त्यामुळे तांबड्या पेशींतून कार्बन डायऑक्साइड आणि काही सुवासिक द्रव्यं जास्त बाहेर पडतात. मग त्यांनीच ते द्रव्य बिटाच्या रसात घालून पाहिलं. डास रक्त समजून तो रस प्यायले. रसात विष मिसळलं तर मेले. परजीवीचंच आमिष उचलून सापळ्यात ठेवण्याची ही कल्पना मला अलीकडच्या कामांतली सगळ्यात देखणी वाटते. डेंगी आणि झिकाचे विषाणूही मागे नाहीत. त्यांची लागण झालेल्यांच्या कातडीवर ॲसिटोफिनोन तयार करणारे जिवाणू वाढतात, असं २०२२मध्ये चीनमधल्या संशोधकांना आढळलं.

माणसाची नक्कल करण्याचं काम सगळ्यात पुढे नेलं ते नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी. सुरुवात जरा विचित्र आहे. बार्ट नोल्स आणि त्यांचे सहकारी रुर्ड दे योंग यांना पाहायचं होतं की डास अंगावर नेमका कुठे बसतो. त्यासाठी माणूस कपडे काढून डासांमध्ये बसला. युरोपातला अ‍ॅनोफिलिस अ‍ॅट्रोपार्व्हस तोंडाभोवती, श्वासाकडे गेला. आफ्रिकेतला अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए मात्र पावलांवर, घोट्यांवर गेला. मग पावलांच्या वासाशी मिळता वास शोधताना त्यांना लिम्बर्गर हे दर्पासाठी प्रसिद्ध असलेलं चीज सापडलं. ते पिकवणारा जिवाणू आपल्या बोटांच्या बेचक्यांत राहणाऱ्या जिवाणूचा जवळचा नातेवाईक निघाला आणि गॅम्बिएच्या माद्या चीजकडे आल्या. या कामाला २००६मध्ये हसवून विचार करायला लावणारं इग नोबेल मिळालं. हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: एकाच कुळातल्या दोन डासांना एकाच माणसाच्या दोन वेगळ्या टोकांची ओढ. ‘डासांचं आमिष’ असं सरसकट काही नसतं.

त्या चीजपासून निघालेली वाट केनियातल्या रुसिंगा बेटावर पोहोचली. व्हिक्टोरिया सरोवरातलं हे बेट, वस्ती सुमारे २५ हजार.  विलेम टाकेन यांच्या नेतृत्वाखाली वाखेनिंगेन आणि केनियातली इसिपे ही कीटक-संशोधन संस्था यांनी २०१२ ते २०१५ या काळात इथे घरोघरी सापळे लावले. आमिष पाच द्रव्यांचं होतं: अमोनिया, लॅक्टिक आम्ल, टेट्राडेकॅनॉइक आम्ल, मिथाइल ब्यूटेनॉल आणि ब्यूटिलअमीन. ती नायलॉनच्या पट्ट्यांत मुरवलेली असायची. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर घरोघर देणं अशक्य. त्याआधी याच संशोधकांनी मळी आणि यीस्ट आंबवून तो वायू तयार करून पाहिला होता. आपल्या साखर कारखान्यांच्या लोकांनी ऐकून ठेवावं असं हे. पण रोज मळी कालवत कोण बसणार? शेवटी त्याच्या जागी ब्यूटॅनोन नावाचं द्रव्य वापरलं गेलं. घराबाहेर भिंतीला सापळा, आत छोटा पंखा, जवळ आलेली मादी आत ओढली जाते.

पंख्याला वीज हवी आणि बेटावर बहुतेक घरांत ती नव्हती. म्हणून प्रत्येक घरावर सौर पॅनेल बसवलं. त्यावर पंख्याबरोबर दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय दिली. या प्रयोगातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. डास दिसेनासे झाले की माणूस सापळा विसरतो, पट्टी वाळते, पंखा बंद पडतो. दिवा आणि मोबाइल कोणी विसरत नाही. डासांसाठी पाच द्रव्यं आणि माणसांसाठी दोन दिवे, असं दुहेरी आमिष होतं ते. निकाल २०१६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सापळे लागलेल्या भागांत २३.७ टक्के लोकांत हिवतापाचा परजीवी सापडला, न लागलेल्या भागांत ३४.५ टक्के. अ‍ॅनोफिलिस फ्युनेस्टस हा तिथला मुख्य डास ६९ टक्क्यांनी घटला. लोक मच्छरदाण्या वापरतच होते, त्यावर झालेली ही घट आहे. हिवताप संपला नाही. पण फवारणीचा एक थेंब न वापरता, नुसत्या वासाने रोग कमी झाल्याचं एवढ्या मोठ्या वस्तीवर प्रथमच दिसलं.

मग हा सापळा उचलून गडचिरोलीत का लावू नये? कारण गॅम्बिए आणि फ्युनेस्टस यांना माणूसच हवा असतो. ग्रामीण भारतातल्या हिवतापाचा मोठा वाटा ज्याच्याकडे जातो तो अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस मुख्यतः गुराढोरांचं रक्त पितो. माणूस त्याला चालतो, पण बैल मिळाला तर बरं. त्याच्यापुढे माणसाच्या पायमोज्याचा वास ठेवणं म्हणजे पंगत वाढलेली असताना शेजारी फुटाणे घेऊन बसणं.

गुरांचा वास आमिष म्हणून वापरण्याचा इतिहासही आफ्रिकेतलाच आहे. झिम्बाब्वेत ग्लिन व्हेल यांनी त्सेत्से माशीसाठी बैल जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवले आणि पंख्याने त्यांचा वास नळीतून वर सोडला. बैल दिसत नव्हता तरी माश्या आल्या. त्या वासातून १९८४मध्ये ऑक्टेनॉल हे द्रव्य हाती लागलं, आणि पुढे ते डासांच्या सापळ्यांतही आलं. काही एडीस त्याला भुलतात. आपल्या गटारांतला क्युलेक्स जवळपास ढुंकूनही पाहत नाही.

पण बैलाची नक्कल करायचीच कशाला? बैल आहेच की. पाकिस्तानातल्या दोन अभ्यासांकडे मी तुमचं खास लक्ष वेधतो, कारण तिथले डास आपलेच आहेत, क्युलिसिफेसीस आणि स्टीफेन्सी. १९९५मध्ये तिथे असं दिसलं की ज्या कुटुंबांकडे गुरं आहेत त्यांच्यात हिवताप जास्त आहे. ढोरं बांधली की डास त्यांना चावतील आणि माणूस वाचेल, हा समज मोडला. गुरं डासांना बोलावतात, पोसतात, आणि आलेल्या डासांपैकी काही अंगणात झोपलेल्या माणसाकडे वळतात. मग मार्क रोलंड आणि सहकाऱ्यांनी अफगाण निर्वासितांच्या वस्त्यांत तीच गुरं डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या पातळ द्रावणाने स्पंजने पुसून काढली. २००१मध्ये निकाल छापले गेले: घातक फाल्सिपेरम हिवताप ५६ टक्क्यांनी कमी. घराघरांत फवारणी केल्याने जेवढा फायदा होतो तेवढाच, खर्च मात्र त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बैल तोच, गोठा तोच, वास तोच. आधी तो नुसतं आमिष होता, आता त्याला सापळा जोडला गेला.

मला आज जे म्हणायचं आहे ते या दोन अभ्यासांच्या मधल्या जागेत आहे. आमिषं आपण पूर्वीपासून लावत आलो आहोत, सापळा न जोडता. मुंबईचंच घ्या. १९११मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी केली तेव्हा स्टीफेन्सी वाढत होता तो घराघरांतल्या, वाड्यावाड्यांतल्या विहिरींत. विहिरी झाकायचा प्रश्न आला तेव्हा पारशी आणि हिंदू घरांतून धार्मिक कारणांनी विरोध झाला. पुढे बऱ्याच विहिरी बंद झाल्या आणि त्यांची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. स्टीफेन्सी तिथे चढला. स्वच्छ, सावलीतलं, हलत नसलेलं पाणी एवढीच त्याची मागणी, आणि ती शहर पुरवत राहिलं. हाच डास २०१२पासून जिबूतीत आणि नंतर इथिओपियात पोहोचला आहे, आणि तिथल्या शहरांपुढे आता मुंबईचा जुना प्रश्न उभा आहे.

म्हणून आपल्या शहरांसाठी मला रक्तापेक्षा पाण्याचं आमिष जास्त कामाचं वाटतं. तर्क साधा आहे. अंडी घालायला निघालेली मादी एकदा तरी चावलेली असते. डेंगीचा विषाणू पसरवू शकणाऱ्या माद्या याच गटात सापडतात. आणि तिला भुलवायला सिलिंडर, वीज, सौर पॅनेल काही लागत नाही.

एडीस इजिप्ती अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर खरखरीत जागी चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळताना पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, ते यासाठी. एका खेपेची सगळी अंडी ती एका भांड्यात घालत नाही, चार-पाच ठिकाणी वाटते. काळा रंग, सावली आणि कुजणाऱ्या पाल्याचा मंद वास तिला पसंत. १९६५च्या सुमारास अमेरिकेत एवढ्याच माहितीवर एक सापळा तयार झाला: काळी बरणी, थोडं पाणी, कडेला लाकडाची खरखरीत पट्टी. पाण्यात आठवडाभर भिजवून आंबवलेलं गवत टाकलं तर अंडी कितीतरी वाढतात. गवताला महत्त्व नाही, त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंना आहे. ‘इथे पिल्लांना खायला मिळेल’ असा निरोप त्या वासातून जातो. क्युलेक्सची मादी तर अंड्यांच्या तराफ्यावर स्वतःचंच द्रव्य सोडते आणि त्यावरून इतर माद्या येतात. ते द्रव्य लॉरेन्स आणि पिकेट यांनी १९८२मध्ये ओळखलं.

एडीसच्या बाबतीत असं एक द्रव्य आपल्याकडेच सापडलं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २०००मध्ये दाखवलं की एडीसच्या अळ्यांपासून मिळणारं हेनायकोसेन, एकवीस कार्बनांची साधी साखळी, अंडी घालणाऱ्या मादीला बोलावतं. अळ्या आहेत म्हणजे पाणी जगण्यासारखं आहे, असा तिचा हिशेब असावा. त्या द्रव्याबरोबर डायफ्लुबेन्झुरॉन हे औषध मिसळलं तर मादी येते, अंडी घालते, अळ्याही निघतात, पण त्यांची कात नीट पडत नाही आणि त्या डास होत नाहीत. हे काम गाजायला हवं होतं तेवढं गाजलं नाही. धुरळणीच्या गाडीचा आवाज होतो, धूर दिसतो, फोटो निघतो. कोपऱ्यातल्या भांड्याचं उद्घाटन कोण करणार?

भांड्याने काय साधतं हे पोर्टो रिकोत नीट मोजलं गेलं. तिथल्या सालिनास परिसरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या डेंगी शाखेने काळ्या बादल्यांचा सापळा लावला. आत पाणी आणि सुकं गवत, तोंडाला मादी आत जाईल अशी जाळी, आतल्या भिंतीला चिकट थर. मादी वासाने येते, चिकटते. आणि एखादी सुटून अंडी घालून गेली तरी निघालेला डास खालच्या बारीक जाळीतून वर येऊ शकत नाही. दर घरी तीन सापळे, दहापैकी आठ घरांत. डास निम्म्याहून खाली आले. २०१४मध्ये चिकुनगुनिया त्या बेटावर आला तेव्हा खरी परीक्षा झाली. सापळे असलेल्या वस्त्यांत लागण झालेल्यांचं प्रमाण इतर वस्त्यांच्या जवळपास निम्मं होतं. महाराष्ट्राने २००६ची चिकुनगुनियाची साथ पाहिली आहे. सांधे धरून महिनोन्महिने बसलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना हे निम्मं किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

पण एक घर सोडून एक घर असं केलं तर हे जमत नाही. शंभरात वीस घरांनी सापळा लावला तर बाकीच्या ऐंशी घरांतली पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे आणि गच्चीवरचे टायर हीच मोठी आमिषं ठरतात. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे लोक पाणी साठवणारच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. झाकण बसवलेलं पिंप आणि शेजारी उघडं, वासाचं, जाळी लावलेलं भांडं, असं दोन्ही मिळून करावं लागतं. जाळी किंवा औषध नसलेलं भांडं लावून विसरून गेलात तर तुम्ही डासांचं पैदास केंद्र उघडलंत असं समजा. कोणी मोबाइलवरची, गूळ-यीस्ट आंबवून वायू सोडणारी सापळ्याची बाटली दाखवेल, म्हणून सांगतो: माणूस दिवसाला किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुम्ही खोलीत बसलेले असताना बाटलीचं कोण ऐकणार? तिच्यात केळ्यावरची चिलटं भरपूर सापडतील.

सापळ्याचा दुसरा उपयोग मारण्याहून मोठा आहे, आणि तो आपल्या पालिकांना लगेच करता येईल. सिंगापूरने गृहसंकुलांच्या जिन्यांत, मजल्यामजल्यांवर असे हजारो सापळे ठेवले आहेत. ते नेमाने तपासले जातात, त्यांतल्या एडीस माद्या मोजल्या जातात, आणि जिथे त्या जास्त आहेत त्या वस्त्यांची नावं सरकार जाहीर करतं. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे उलटं होतं. २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, आणि मग घरोघरची भांडी तपासायला पथकं निघाली.

आपल्याकडे कीटक समाहारक आहेत, भिंगं आहेत, काळ्या बादल्या बाजारात मिळतात, आणि पेंढ्याला तोटा नाही. अडचण येईल ती आकडे प्रभागवार लावण्याची. आपल्या प्रभागाचा आकडा मोठा दिसावा असं कुठल्या नगरसेवकाला वाटेल? बांधकाम व्यावसायिकाला तर मुळीच वाटणार नाही. तरी तो आकडा दर आठवड्याला पालिकेच्या दारावर लागावा, आणि धुरळणीची गाडी कोणत्या गल्लीत जायची ते फोन कोणाचा आला यावरून न ठरता त्या आकड्यावरून ठरावं, एवढी माझी मागणी आहे.